पंचांचे घड्याळ चुकते तेव्हा

तीन सेकंदांत काय होऊ शकते? वहीवर आपले पूर्ण नाव लिहायला घ्या. आडनावापर्यंत पोहोचता न पोहोचता तीन सेकंद संपलेले असतील. पण एवढ्याशा अवधीने एकदा ऑलिंपिकमधील सुवर्णपदक एका संघाच्या हातून काढून दुसऱ्याच्या हाती दिले, आणि त्याबद्दलचा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

ही हकिकत १९७२ सालची. तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतील म्युनिक शहरी ऑलिंपिक सामने चालू होते. बास्केटबॉलचा अंतिम सामना अमेरिका व सोव्हिएट संघ यांच्यात होता. तो ९ सप्टेंबरच्या रात्री पावणेबाराला सुरू झाला, म्हणजे संपेपर्यंत १० तारीख लागली होती. १९३६ साली बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये आला तेव्हापासून अमेरिकेने तेथे एकही सामना गमावलेला नव्हता.

सामन्याचे ३ सेकंद उरले होते. सोव्हिएट संघाचे गुण ४९, अमेरिकेचे ४८. अमेरिकेच्या डग कॉलिन्सवर फाउल झाल्यामुळे त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला बास्केटमध्ये पडला, बरोबरी झाली. दुसरा फेकण्याच्या बेतात तो असतानाच गुणलेखकाच्या टेबलावरून भोंगा वाजला. कॉलिन्सने तरीही चेंडू फेकला आणि तोही पडला. अमेरिका ५०, सोव्हिएट संघ ४९.

सोव्हिएट खेळाडूंनी लगेच चेंडू आत टाकून खेळ सुरू केला. पण त्यांचे प्रशिक्षक टेबलाशी येऊन सांगू लागले, “आम्ही टाइम-आउट मागितला होता, तो आम्हांला मिळालाच नाही.” या गोंधळात पंचांनी खेळ थांबवला. तेव्हा घड्याळात १ सेकंद उरला होता. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाचे, म्हणजे फिबाचे, सचिव विल्यम जोन्स प्रेक्षकांतून खाली आले आणि घड्याळ पुन्हा ३ सेकंदांवर न्यावे असे त्यांनी सांगितले.

खेळ दुसऱ्यांदा सुरू झाला. पण घड्याळ ३ वर आणण्याचे काम अजून पुरे झालेच नव्हते. त्यावर ५० सेकंद दिसत होते! थोड्याच वेळात भोंगा वाजला. सोव्हिएट संघाचा फेकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला नव्हता. अमेरिकन खेळाडू आनंदाने नाचू लागले. परंतु घड्याळ बरोबर लावलेले नव्हते म्हणून ते ३ सेकंद तिसऱ्यांदा खेळवण्यात आले. या वेळी इव्हान एदेश्कोने मैदानाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चेंडू फेकला, अलेक्सांद्र बेलोव्हने तो झेलला आणि बास्केटमध्ये टाकला. सोव्हिएट संघ ५१, अमेरिका ५०. अमेरिकेने तक्रार केली. पाच जणांच्या समितीने ती तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळली. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके घेण्यास नकार दिला.

कोणाचे बरोबर आणि कोणाचे चूक, या वादात आपण शिरणार नाही. आपल्याला त्यामागचे प्रश्न पाहायचे आहेत. खेळाचे घड्याळ चुकते का आणि किती? चुकले हे कळायचे कसे? आणि कळल्यावर काटा मागे फिरवायचा की नाही, हे पंच कशावरून ठरवतात?

दोन बटने, चार अवस्था

तुमच्या मनगटावरचे घड्याळ कोणासाठी थांबत नाही. बास्केटबॉलचे घड्याळ मात्र सारखे थांबते आणि सारखे चालू होते. फिबाच्या आजच्या नियमांप्रमाणे सामन्यात १० मिनिटांचे चार डाव असतात. घड्याळ १० मिनिटांपासून उलटे धावत शून्यावर येते. पण प्रत्यक्षात एक डाव संपायला दहापेक्षा बरीच अधिक मिनिटे लागतात, कारण हे घड्याळ फक्त नियमांनी ‘खेळाचा वेळ’ ठरवलेला काळच मोजते. ते चालू-बंद करणारा एक माणूस टेबलाशी बसलेला असतो. त्याला वेळाधिकारी म्हणू.

घड्याळाप्रमाणे चेंडूच्याही दोन अवस्था असतात. चेंडू ‘जिवंत’ असतो किंवा ‘मृत’ असतो. मृत म्हणजे डेड बॉल. क्रिकेटमुळे हा शब्द तुमच्या परिचयाचा आहेच. चेंडू मृत असताना टाकलेल्या बास्केटला गुण मिळत नाही.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. पुष्कळांना वाटते की घड्याळ थांबले म्हणजे चेंडू मृत झाला आणि घड्याळ चालू झाले म्हणजे चेंडू जिवंत झाला. तसे नाही. भिंतीवर दिव्याचे आणि पंख्याचे अशी दोन बटने शेजारी असतात ना, तशी ही दोन वेगळी बटने आहेत. त्यांच्या चार जोड्या होतात, आणि चारही जोड्या मैदानावर पाहायला मिळतात.

पहिली जोडी: चेंडू जिवंत, घड्याळ चालू. हा नेहमीचा खेळ.

दुसरी जोडी: चेंडू मृत, घड्याळ बंद. फाउलसाठी शिट्टी वाजली किंवा टाइम-आउट चालू आहे, तेव्हा असे असते.

तिसरी जोडी: चेंडू जिवंत, पण घड्याळ बंद. फ्री थ्रो घेणाऱ्याच्या हाती पंचाने चेंडू दिला की त्या क्षणी चेंडू जिवंत होतो, घड्याळ मात्र थांबलेलेच असते. शिट्टीनंतर होणाऱ्या थ्रो-इनचेही तसेच. बाजूरेषेबाहेर उभ्या असलेल्या खेळाडूच्या हाती चेंडू आला की तो जिवंत होतो. पण मैदानातील एखाद्या खेळाडूचा त्याला स्पर्श झाल्यावरच घड्याळ सुरू होते.

चौथी जोडी: चेंडू मृत, तरी घड्याळ चालू! पहिल्या तीन डावांत बास्केट झाली की चेंडू मृत होतो, पण घड्याळ थांबवत नाहीत. चौथ्या डावाच्या शेवटच्या २ मिनिटांत आणि जादा डावातील शेवटच्या २ मिनिटांत मात्र बास्केट झाल्यावर घड्याळही थांबते. नाहीतर पुढे असलेला संघ चेंडू आत टाकायला उगाच वेळ लावील आणि घड्याळ संपवील.

म्युनिकची गोष्ट आता या नजरेने पाहा. कॉलिन्सचा दुसरा फ्री थ्रो पडला तेव्हा चेंडू मृत झाला. सोव्हिएट खेळाडूने तो हाती घेतला तेव्हा पुन्हा जिवंत झाला. पण आतल्या खेळाडूला चेंडू लागेपर्यंत घड्याळ ३ वरच होते. त्या काळच्या नियमांप्रमाणे दुसऱ्या फ्री थ्रोच्या आधी टाइम-आउट मिळू शकत होता, तो फेकल्यानंतर नाही. म्हणून सारा वाद एका प्रश्नाभोवती फिरत होता: टाइम-आउटची मागणी चेंडूच्या नेमक्या कोणत्या अवस्थेत पंचांपर्यंत पोहोचली?

हवेतला चेंडू

चेंडू मृत केव्हा होतो याची नियमपुस्तकात यादीच आहे. बास्केट झाली, जिवंत चेंडूवर पंचाची शिट्टी वाजली, डाव संपल्याचा भोंगा वाजला, की चेंडू मृत. शिट्टी चुकून वाजली तरी ती शिट्टीच. खेळ तेथे थांबतो.

परंतु एक प्रश्न उरतो. खेळाडूने चेंडू फेकला आहे, चेंडू हवेत आहे आणि तेवढ्यात भोंगा वाजला, तर काय? चेंडूचा पुढचा मार्ग तर हातातून सुटतानाच ठरून गेलेला असतो. सुटतानाचा वेग आणि कोन हे एकदा ठरले की पुढचे काम गुरुत्वाकर्षण करते. फेकणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. नियम करणाऱ्यांनी येथे निसर्गाशी जुळेल असाच निर्णय दिला आहे. बास्केटसाठी फेकलेला चेंडू भोंग्यापूर्वी हातातून सुटलेला असेल, तर तो मृत होत नाही; आत पडला तर गुण मिळतो. भोंगा वाजला तेव्हा बोटे चेंडूला लागलेली असतील, तर गुण नाही. हाच चेंडू कडीवर आपटून बाहेर आला आणि भोंग्यानंतर दुसऱ्याने तो ढकलून आत घातला, तर तो गुणही धरत नाहीत.

म्हणजे पंचाला एकाच क्षणी दोन गोष्टी टिपायच्या असतात: बोटे चेंडूपासून सुटणे आणि भोंगा वाजणे. येथे ध्वनीचा वेग आडवा येतो. ध्वनी हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. टेबलापासून १५ मीटरवर उभ्या असलेल्या पंचाच्या कानी भोंगा पोहोचायला १५ भागिले ३४०, म्हणजे सुमारे ०.०४४ सेकंद लागतात. तेवढ्यात सेकंदाला ९ मीटर वेगाने सुटलेला चेंडू सुमारे ४० सेंटिमीटर पुढे जातो! कानावर विश्वास ठेवणारा पंच हातातला चेंडू सुटलेला समजेल.

यावर उपाय प्रकाशाचा. प्रकाश हे अंतर सेकंदाच्या दोन कोटी भागांपैकी एका भागात कापतो. म्हणून मोठ्या सामन्यांत बास्केटच्या मागच्या फळीच्या कडेने लाल दिवे बसवतात. वेळ संपताच ते उजळतात आणि पंचाला चेंडू व दिवा एकाच नजरेत दिसतात. असे दिवे असतील तेथे आवाजापेक्षा दिवा प्रमाण मानतात.

हाताचा उशीर

आता घड्याळाच्या बटनावरच्या बोटाकडे वळू. डोळ्यांनी पाहणे, मेंदूने ठरवणे आणि स्नायूंनी हलणे या साखळीला वेळ लागतो. त्याला प्रतिक्रियाकाल म्हणतात. तुमचा स्वतःचा प्रतिक्रियाकाल मोजायला प्रयोगशाळा नको.

करून पाहा: मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून लोंबती ठेवायला सांगा. शून्याची खूण खाली येऊ द्या. तुमचा अंगठा आणि तर्जनी त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना, पट्टीला न लावता, ठेवा. मित्राने न सांगता पट्टी सोडावी आणि ती तुम्ही चिमटीत पकडावी. पट्टी किती सेंटिमीटरवर पकडली ते वाचा. पडणारी वस्तू t सेकंदांत ½gt² एवढे अंतर पडते, हे तुम्ही शिकला आहातच. त्यावरून हिशेब असा येतो: १० सेंटिमीटरवर पकडली तर ०.१४ सेकंद, १५ वर ०.१७, २० वर ०.२० आणि २५ वर ०.२३ सेकंद. दहा वेळा करून सरासरी काढा. बहुतेकांचे उत्तर ०.२ सेकंदाच्या आसपास येते. वेळाधिकारी कितीही तरबेज असला तरी यातून त्याची सुटका नाही.

मग प्रत्येक सामन्याचे घड्याळ चुकतच असेल, असे तुम्ही म्हणाल. गंमत पुढेच आहे. समजा, वेळाधिकाऱ्याने घड्याळ ०.२ सेकंद उशिरा सुरू केले आणि ०.२ सेकंद उशिरा बंद केले. खेळ खरोखर १० सेकंद चालला असेल तर घड्याळ किती मोजील? १० सेकंदच! सुरुवातीचा उशीर आणि शेवटचा उशीर एकमेकांना खाऊन टाकतात.

पण हे खाते नेहमी पुरते जुळत नाही. घड्याळ बंद करताना साखळीत दोन माणसे असतात. पंचाला फाउल दिसतो, ०.२ सेकंदाने त्याची शिट्टी वाजते, आवाज टेबलापर्यंत पोहोचायला ०.०४ सेकंद लागतात आणि वेळाधिकाऱ्याच्या बोटाला आणखी ०.२ सेकंद. एकूण ०.४४ सेकंद. वेळाधिकाऱ्याने स्वतः चेंडूकडे पाहून घड्याळ सुरू केले असेल तर तेथे एकच माणूस होता, उशीर ०.२. वजाबाकी केली तर दर वेळी पाव सेकंदाच्या आसपास खेळाचा वेळ जास्त कापला जातो.

आणि डावाच्या अगदी शेवटी हिशेब उलटा होतो. तेथे घड्याळ माणूस बंद करत नाही. ते शून्यावर आले की आपणच भोंगा देते. म्हणजे शेवटचा उशीर शून्य! सुरुवातीचा उशीर तेवढा शिल्लक राहतो. घड्याळात ०.४ सेकंद उरले असताना चेंडू आत आला आणि घड्याळ ०.२ सेकंद उशिरा सुरू झाले, तर खेळाडूला खरोखर ०.६ सेकंद मिळाले, दीडपट! मिनिटभराच्या खेळात ०.२ सेकंद कोणाच्या लक्षातही येणार नाहीत; येथे मात्र तोच उशीर सामना फिरवू शकतो. शेवटच्या थ्रो-इनवरच इतके वाद का होतात, ते आता तुमच्या लक्षात येईल.

एक दशांश आणि चार दशांश

१५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कमध्ये एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धेचा सामना होता: न्यूयॉर्क निक्स विरुद्ध शिकागो बुल्स. घड्याळात ०.१ सेकंद उरला असताना निक्सच्या ट्रेंट टकरने थ्रो-इनवर चेंडू झेलला, वळून फेकला आणि तीन गुण मिळवून सामना जिंकला. हे ०.१ सेकंदात शक्य आहे का? चेंडू झेलणे, उचलणे आणि सोडणे या हालचालींना त्याहून बराच अधिक वेळ लागतो. घड्याळ उशिरा सुरू झाले हे उघड होते, पण गुण मान्य झाला.

त्यानंतर एनबीएने नियम केला की चेंडू झेलून फेकायचा असेल तर घड्याळात निदान ०.३ सेकंद हवेत. फिबाच्या नियमांतही ही अट आहे. ०.२ किंवा ०.१ सेकंद उरले असतील तर चेंडू हवेतल्या हवेत टोलवून किंवा वरून थेट आत घालूनच गुण मिळवता येतो. नियम करणाऱ्यांनी काय केले ते पाहा. बोटाचा उशीर त्यांना नाहीसा करता येत नव्हता. म्हणून त्यांनी मानवी शरीराला काय शक्य आहे याची सीमारेषा आखली आणि घड्याळ काहीही दाखवो, त्यापलीकडचे अमान्य ठरवले.

१३ मे २००४ रोजी लॉस एंजेलिस लेकर्स आणि सॅन अँटोनिओ स्पर्स यांच्या सामन्यात ही रेषा कसाला लागली. स्पर्स ७३–७२ असे पुढे होते आणि उरले होते ०.४ सेकंद. लेकर्सच्या डेरेक फिशरने चेंडू झेलला, वळला आणि फेकला. बास्केट! ०.४ हे ०.३ पेक्षा जास्त, म्हणून प्रयत्न नियमात बसत होता. पंचांनी चित्रफीत पाहिली. दिवा लागण्यापूर्वी चेंडू हातातून सुटलेला होता. गुण मान्य झाला. घड्याळ उशिरा सुरू झाले अशी स्पर्सची तक्रार होती, पण ती फेटाळली गेली.

शिट्टी ऐकणारे घड्याळ

यंत्रांनी यात किती मदत केली? अमेरिकेतील एका बास्केटबॉल पंचानेच एक युक्ती शोधली. पंचाच्या शिट्टीजवळ छोटा मायक्रोफोन असतो आणि कमरेच्या पट्ट्याला एक डबी. शिट्टी वाजताच ही डबी रेडिओसंदेश पाठवते आणि घड्याळ थांबते. आवाजाचा प्रवास वाचला आणि दुसऱ्या माणसाच्या बोटाचा उशीरही वाचला. घड्याळ सुरू करायला पंच डबीवरचे बटन दाबतो. एनबीएमध्ये ही पद्धत १९९९ पासून वापरात आली. पण पंचाचा स्वतःचा प्रतिक्रियाकाल तिच्यातही उरतोच.

दुसरी मदत चित्रफितीची. सेकंदाला २५ चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्यात दोन चित्रांमध्ये ०.०४ सेकंदाचे अंतर असते. चेंडूला स्पर्श झाल्यापासून शिट्टीपर्यंत किती चित्रे गेली ते मोजा आणि ०.०४ ने गुणा. खरा काळ मिळतो. ५० चित्रे म्हणजे २ सेकंद. पण दोन चित्रांच्या मध्ये काय घडले ते कॅमेराही सांगू शकत नाही.

व्हर्निअर कॅलिपर वापरताना तुम्ही लघुतम माप शिकता. घड्याळालाही लघुतम माप असते. फक्त पूर्ण सेकंद दाखवणारे घड्याळ ‘३’ दाखवते तेव्हा आत नेमके किती आहे? जवळजवळ एका सेकंदाची अनिश्चितता त्या आकड्यात लपलेली असते. म्हणूनच आता डावाच्या शेवटच्या मिनिटात सेकंदाचे दशांशही दाखवावे लागतात.

चूक सुधारण्याचे शास्त्र

इतके करूनही चुका होतातच. घड्याळ सुरू करायचे राहून जाते, थांबवायचे राहते, भलताच भोंगा वाजतो. मग पंच काय करतात? नियम वाचले तर त्यात तीन सूत्रे दिसतात.

पहिले सूत्र: अंदाजाने नाही, निश्चित माहितीने. अमेरिकन शालेय नियमांत हे स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. किती वेळ चुकला याची पंचाला निश्चित माहिती असेल तरच त्याने घड्याळ बदलावे. ही माहिती येते कोठून? पंचाने शिट्टी वाजवताना घड्याळावर आकडा पाहिलेला असतो. चेंडू धरून उभ्या असलेल्या खेळाडूला जवळून अडवले असेल तर पंच हात हलवून सेकंद मोजत असतो. ती मोजणी चालते. एका संघाकडे चेंडू किती वेळ आहे हे दाखवणारे २४ सेकंदांचे वेगळे घड्याळ असते; तो दुसरा साक्षीदार. “मला वाटते चारेक सेकंद गेले असतील,” असे म्हणून काटा फिरवता येत नाही. याच शालेय नियमांत पूर्वी अशीही सोय होती की शिट्टीनंतर घड्याळ एक सेकंदापर्यंत पुढे सरकले तर ती चूक धरू नये. प्रतिक्रियाकालाला दिलेली ती सवलतच होती. पुढे दशांश दाखवणारी घड्याळे सर्वत्र आली आणि ती काढून टाकण्यात आली.

दुसरे सूत्र: प्रत्येक चुकीला मुदत. फिबाच्या नियमांप्रमाणे वेळेची किंवा गुणनोंदीची चूक मुख्य पंच गुणपत्रकावर सही करेपर्यंत दुरुस्त करता येते. पण नको तो फ्री थ्रो दिला, किंवा द्यायचा तो दिला नाही, अशा चुकीची मुदत फार छोटी असते. चुकीनंतर घड्याळ सुरू झाले, मग चेंडू पहिल्यांदा मृत झाला, आणि तो पुन्हा जिवंत होण्यापूर्वी चूक ध्यानात आली, तरच सुधारणा. मधल्या काळात झालेले गुण, फाउल आणि गेलेला वेळ कायम राहतो.

एवढी घाई कशाला? एक उदाहरण पाहा. १९ डिसेंबर २००७ रोजी अटलांटा आणि मायामी यांच्या एनबीए सामन्यात गुणलेखकाच्या नोंदीत चूक झाली आणि शकील ओनील याचा पाचवा फाउल सहावा धरला गेला. त्याला बाहेर जावे लागले. तक्रार मान्य होऊन शेवटचे ५१.९ सेकंद पुन्हा खेळवायचे ठरले, ते ८ मार्च २००८ रोजी. तोपर्यंत ओनील दुसऱ्याच संघात गेला होता! त्या ५१.९ सेकंदांत कोणीच गुण केला नाही आणि निकाल होता तोच राहिला. वेळ निघून गेल्यावर केलेली दुरुस्ती अशी निष्फळ ठरते.

तिसरे सूत्र: अधिकार ठरलेला. टेबलावरचा भोंगा पंचाचे लक्ष वेधण्यासाठी असतो. मध्येच वाजला म्हणून त्याने खेळ थांबत नाही. २४ सेकंदांचा भोंगा चुकून वाजला तर तो नसल्यासारखा मानून खेळ चालू ठेवतात. मात्र त्यामुळे चेंडू ताब्यात असलेल्या संघाचे नुकसान झाले असे पंचाला वाटले तर तो खेळ थांबवतो. टेबलाने कळवायचे आणि मैदानावरच्या पंचाने ठरवायचे, अशी ही वाटणी आहे.

आता म्युनिककडे पुन्हा पाहा. टाइम-आउटची खूण योग्य क्षणी पंचापर्यंत पोहोचली का, याची निश्चित माहिती कोणाकडेच नव्हती. घड्याळ मागे नेण्याचा आदेश ज्यांनी दिला त्या सचिवांना सामना चालू असताना तसा अधिकार नियमांनी दिलेला नव्हता. आणि घड्याळ लावून होण्यापूर्वीच चेंडू जिवंत केला गेला. घड्याळ यंत्र म्हणून बिघडले होते असे नाही. माहिती, अधिकार आणि क्रम या तिन्ही कड्या एकापाठोपाठ एक निखळल्या. म्हणूनच जाणते पंच आज शेवटच्या सेकंदांत चेंडू देण्यापूर्वी उरलेला वेळ आपसांत बोलून पक्का करतात, टेबलाकडे पाहतात, तेथून तयार असल्याची खूण घेतात आणि मगच चेंडू खेळाडूच्या हाती देतात. या सगळ्याला दहा सेकंद लागतात. तेवढ्याने सामन्याचा निकाल वादापासून वाचतो.

तुम्हीच पंच व्हा

शाळेच्या मैदानावर पुढच्या सामन्यात शिट्टी तुमच्या हाती आली तर? हे प्रश्न आधी सोडवून ठेवा.

१) घड्याळात ६ सेकंद आहेत. चेंडू आत आला, पण वेळाधिकारी बटन दाबायला विसरला. चेंडू हाती असलेल्या खेळाडूला जवळून अडवले असल्याने तुम्ही हात हलवत ४ सेकंद मोजले आणि शिट्टी दिली. घड्याळ कितीवर लावाल?

२) घड्याळात ०.२ सेकंद आहेत. थ्रो-इनवर खेळाडूने चेंडू झेलला, फेकला आणि तो आत पडला. भोंगा त्यानंतर वाजला. गुण द्याल का?

३) चेंडू फेकणाऱ्याच्या हातातून सुटल्यावर तुमची शिट्टी चुकून वाजली. चेंडू आत पडला. गुण द्याल का?

उत्तरे: पहिल्यात २ सेकंदांवर, कारण तुमची मोजणी ही निश्चित माहिती आहे. दुसऱ्यात गुण नाही. भोंगा वाजला नाही याचा अर्थ घड्याळ उशिरा सुरू झाले एवढाच. तिसऱ्यात गुण द्यायचा, कारण फेकलेला चेंडू हवेत असताना शिट्टीने मृत होत नाही.

आणि हो, वेळाधिकारी म्हणून टेबलाशी कोणाला बसवायचे हे ठरवायचे असेल, तर वर्गात पट्टीचा प्रयोग करून पाहा. पट्टी सर्वांत कमी सेंटिमीटरवर पकडणारा कोण, हे पाच मिनिटांत कळेल.